बेरिलचा किस्सा

नेल्सन, लँकेशायर
७ मार्च १९९४

प्रिय लेन,

काल मी जाऊन आलो. वर्षभर तुला नुसतं लिहीत होतो, 'एकदा जाऊन बघावं म्हणतो,' आणि दर वेळी काहीतरी निमित्त आडवं येत होतं. काल निमित्त सापडलं नाही. मेव्हिस जाऊन दोन वर्षं होऊन गेली, लेक जिल तिच्या संसारात आहे. मांजराला दूध ठेवलं, दाढी दोनदा केली आणि मँचेस्टरची बस धरली. ज्या बसवर एके काळी तिकिटं तपासली तिच्यात काल उतारू म्हणून चढलो, आणि ड्रायव्हरने सहज विचारलं, "आज कुणीकडे, साहेब?" तर "बहिणीकडे," म्हणालो. मला बहीण नाही हे त्याला चांगलं माहीत आहे.

कालव्याच्या कडेने ती पबांची रांग आहे. 'शटल' नावाच्या पबासमोरून मी तीनचारदा इकडून तिकडे गेलो. शेवटी मालकीणबाई रक्षापात्रं झटकायला बाहेर आल्या. डॉट त्यांचं नाव, साठीच्या असतील. म्हणाल्या, "काय रे सोन्या, आत यायचंय की आमच्या फरशा मोजायला आलायस?"

मग गेलो. दुपारची वेळ, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. डोकं तासलेली पोरं, कुत्रं घेऊन बसलेल्या दोन बायका, आणि आपल्या वयाचे, आपल्यासारखेच विणलेल्या बंड्या घातलेले पुरुष. दोघं हातात हात घालून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. लेन, नुसतं शब्दकोडं. मी त्यांच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो की त्यांतला एक म्हणाला, "आडवा सातवा शब्द येतोय का तुम्हाला?"

रविवारी तिथे बर्नाड नावाचा धिप्पाड माणूस निळा झगा घालून गाणी म्हणतो आणि गाण्यांच्या मधे किस्से सांगतो. लोक हसून हसून लोळतात.

एक फजितीही झाली. दोन पोलीस आत आले आणि मला काही कळायच्या आत मी संडासात जाऊन कडी लावली होती. कमोडवर उभा राहिलो, खालून पाय दिसू नयेत म्हणून. डॉटबाई दार ठोठावायला आल्या, "अरे बाळा, ते सायकलचोरांची पत्रकं चिकटवायला आलेत. बाहेर ये." बाहेर आलो. त्यांना काय सांगणार? हे फक्त तुला कळेल. बासष्ट सालचा तो हवालदार अजून माझ्या मानगुटीवर आहे. गिरणीच्या फाटकाशी गाठून तू मला सांगितलंस ना, की तांबूस मिशांचा हवालदार सायकलवरून घरी येऊन गेला, आपल्या दोघांबद्दल विचारत होता, माझं नावसुद्धा घेतलं त्याने. तेव्हापासून सायकलवरचा पोलीस दिसला की मी रस्ता ओलांडतो. त्या काळी आपल्यासारख्यांना सरळ तुरुंग होता. तू साउदॅम्प्टनला निघून गेलास आणि जाताना सांगितलंस, लग्न कर, यातच दोघांचं भलं आहे. मी केलं, मेव्हिसशी.

काल परतताना तुझी ती शेवटची भेट आठवली. बसस्टँडच्या बाकावर मी तुला ती कांद्यांची भानगड सांगितली, आणि तू गुडघ्यांत डोकं घालून बसलास. तुझे खांदे हलत होते. पुरुषाला इतकं रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती गोष्ट मी पुन्हा कुणाला सांगितली नाही, मेव्हिसलाही नाही.

तू जन्मभर एकटा राहिलास, जहाज कंपनीत हिशेब लिहीत आणि चर्चमध्ये जात. मी निदान संसार तरी केला. तू कधीच गेला नाहीस का रे अशा ठिकाणी?

तुझा,
नॉर्मन


स्कारबरो
१५ मार्च १९९४

प्रिय नॉर्मन,

तुझं पत्र वाचून बरंही वाटलं आणि काळजीही. तू घराबाहेर पडलास हे चांगलं केलंस. पण 'शटल' कशाला? तसलं ऐकीव ज्ञान मलाही थोडं आहे. तिथली मंडळी फार तोंडाळ असतात. नव्या माणसाला गोड बोलून सगळं काढून घेतील आणि पुढच्या रविवारी त्याचीच नक्कल करतील. तुझ्यासारख्या सरळ माणसाचं ते काम नाही. लीड्सला जा. तिथे स्टेशनाजवळ एक शांत जागा आहे म्हणतात, म्हातारे लोक पत्ते खेळतात.

आणि गेलासच तर दारू बेताने घे. मागच्या खोलीत उतरताना ती पायरी खचलेली आहे, अंधारात दिसत नाही.

मी कुठे गेलो का, विचारतोस. नाही रे. माझा स्वभाव तसा नाही. बंदरावरचं काम, रविवारी प्रार्थना, यातच दिवस गेले. आता तर गुडघे धरलेत. समुद्राकडे तोंड करून बसतो आणि बोटी मोजतो.

जुन्या गोष्टी उगाळू नकोस. तो हवालदार केव्हाच मेला असेल.

तुझा,
लेन


नेल्सन
११ एप्रिल १९९४

प्रिय लेन,

रागावू नकोस, मी लीड्सला गेलो नाही. प्रत्येक रविवारी 'शटल'लाच जातोय. आता डॉटबाई मी दारात दिसलो की विचारत नाहीत, अर्धा पाइंट काळी बिअर भरायला घेतात. मला इथे 'इन्स्पेक्टर' म्हणतात. या मंडळींत प्रत्येकाला एक टोपणनाव असतं, बहुतेकांना बायकी. मला 'नोरा' म्हणून बघितलं, पण बर्नाड म्हणाला, "शोभत नाही. हा झोपेतसुद्धा तिकीट विचारत असेल."

बर्नाडने मला इतर ठिकाणंही दाखवली. एका तळघरात चामड्याची जाकिटं घातलेले मिशाळ पुरुष होते. मी घाबरतच आत गेलो, तर त्यांतला सगळ्यांत भयंकर दिसणारा माणूस टोमॅटोच्या रोपांना कीड लागते म्हणून रडगाणं गात होता. त्याला राखेचा उपाय सांगितला. दुसरीकडे नाच चालला होता. शंभरभर पोरं, अर्ध्यांच्या अंगात सदरा नाही, आणि कानठळ्या बसवणारा ढोल. मी कोट हातावर टाकून भिंतीशी उभा होतो. बर्नाड ओरडला, "कोट ठेव की." मी म्हटलं, "चोरीला गेला तर?" तो म्हणाला, "अरे, हा कोट कोण चोरणार?" मग ठेवला, आणि नाचलोही थोडा. माझ्याकडे बघून कुणी हसलं नाही. एका पोराने माझ्या दोन्ही गालांना हात लावून म्हटलं, "आजोबा, तुम्ही मस्त आहात." घरी येऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसता बसून होतो. वाईट वाटत होतं म्हणून नाही. इतकी वर्षं ही पोरं तिकडे नाचत होती आणि मी इथे परसातलं गवत कापत होतो, एवढंच डोक्यात येत होतं.

इथे सगळ्यांच्या तोंडी बेरिलचं नाव आहे. बर्नाडच्या आधी रविवारची गाणी ही बेरिल म्हणायची. म्हणजे पुरुषच, पण तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नाही. वीस-पंचवीस वर्षं तिने पब गाजवला. तिचा जोडीदार क्लिफर्ड, त्याचं कोपऱ्यावर फुलांचं दुकान होतं, आणि दोघं दुकानाच्या वरच राहायचे. क्लिफर्ड वारला आणि पंधरा दिवसांत बेरिल घर विकून नाहीशी झाली, कुणाचाही निरोप न घेता. डॉटबाई तिचं नाव निघालं की चिडतात. "बया जिवंत आहे की मेली एवढं तरी कळवावं माणसाने," म्हणतात, आणि काउंटर पुसायला लागतात. बर्नाडचे निम्मे किस्से मुळात तिचेच. मला वाटतं, मला ती आवडली असती.

तू सांगितलेली ती पायरी खरंच खचलेली आहे, मी अडखळलोच. तुला कसं कळलं रे?

आता खरं काय ते लिहितो. मेव्हिस चांगली बाई होती आणि मी तिला कधी दुखवलं नाही. पण ती गेल्यावर तुझं सांत्वनाचं पत्र आलं तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघून मला जिन्यावर बसावं लागलं होतं. आपण दोघं आता मोकळे आहोत, लेन. कायदा बदलून किती वर्षं झाली. मे महिन्यात मी स्कारबरोला आलो तर चालेल? किंवा तू इकडे ये. तुला 'शटल'मध्ये घेऊन जाईन आणि सगळ्यांदेखत तुझा हात धरून बसेन.

जिलला वाटतंय बापाला कुणी बाई भेटली आहे. नवा सदरा बघून हसली.

तुझाच,
नॉर्मन


स्कारबरो
२० एप्रिल १९९४

प्रिय नॉर्मन,

मे महिन्यात नको. डॉक्टरांच्या फेऱ्या चालू आहेत, घरही आवरलेलं नाही. उन्हाळा संपता संपता बघू.

पायरीचं म्हणशील तर आमच्या कंपनीतला एक खलाशी सांगायचा. जुन्या पबांच्या पायऱ्या सगळ्या तशाच असतात.

ती बेरिल की कोण, तिच्याबद्दल काय काय सांगतात? ती गेली म्हणून डॉटबाई खरंच एवढ्या चिडल्यात का? आणि बर्नाड कुठले किस्से सांगतो? सहज विचारतोय, तू लिहिलंस म्हणून. असल्या लोकांच्या किश्शांत खरं फार थोडं असतं. लोकांना हसवायला काहीही जोडतात. ते मनावर घ्यायचं नसतं.

एक कर. तिथे माझं नाव काढू नकोस. आपलं जे होतं ते आपल्या दोघांत राहू दे.

तुझा,
लेन


नेल्सन
१२ मे १९९४

लेन,

बर्नाड कुठले किस्से सांगतो ते तू विचारलं होतंस. या रविवारी त्याने एक सांगितला. तो लिहितो.

क्लिफर्डच्या आठवणीची ती दुपार होती. पियानोवर फुलं ठेवली होती, पब गच्च भरला होता. कुणीतरी मागून म्हणालं, "बेरिलचा कांदेवाला सांग," आणि सगळ्यांनी तेच लावून धरलं. बर्नाडने झगा सावरला, बेरिलसारखा आवाज बारीक केला.

"तर बायांनो," तो म्हणाला, "मी गावाकडे होते तेव्हा माझा एक प्रियकर होता. सेसिल. इतका गुणी, इतका गुणी, की मुका घ्यायच्या आधी टोपी काढायचा."

लोक हसले. मीही हसलो. लेन, मी मोठ्याने हसलो. शेजारच्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"आणि मला तर इकडे क्लिफर्ड भेटला होता. फुलांच्या दुकानावर खोली, खोलीत पितळी पलंग. आता या सेसिलला सोडू कसा? रडेल, मागे येईल, पायरीवर बसून राहील. मग मी एक हवालदार जन्माला घातला. त्याला तांबूस मिशी दिली, सायकल दिली, आणि सेसिलच्या अंगावर सोडला."

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. त्याला अजून खबर लागली नव्हती.

मग बर्नाडने सेसिल करून दाखवला. घाबरलेला सेसिल दोघांचे फोटो बिस्किटांच्या डब्यात घालतो आणि भल्या पहाटे मेलेल्या बापाच्या भाजीच्या वाफ्यात पुरायला जातो, आणि अंधारात वाफाच चुकतो. शेजारच्या म्हाताऱ्याने प्रदर्शनासाठी जपलेले कांदे, त्यांच्यातच खणतो. म्हातारा येतो, बघतो तर एका हातात फावडं, एका हातात बक्षिसाचा कांदा. बखोट धरून थेट पोलीस ठाण्यावर. तिथे सेसिल फौजदाराच्या पाया पडतो, "मी सगळं कबूल करतो. आईला सांगू नका. पण दुसऱ्याचं नाव मी घेणार नाही, मला मारलंत तरी घेणार नाही." आणि फौजदार वही उघडून विचारतो, "अच्छा, दुसरापण आहे का? त्याने किती कांदे नेले?"

छप्पर उडेल असे हसले लोक. डॉटबाई डोळे पुसत होत्या.

म्हाताऱ्याचं नाव बर्नाडने ऑग्डेन सांगितलं. माझं नाव तू बदललंस, त्याचं बदलायचं राहिलं.

आणि शेवट. "तर बायांनो, सेसिल मला बसस्टँडवर हे सगळं सांगत होता, डोळ्यांत पाणी. मला हसू आवरेना. काय करणार, गुडघ्यांत डोकं घातलं, खांदे हलायला लागले. आणि माझा राजा मला थोपटत होता, 'रडू नकोस गं, रडू नकोस.'"

बर्नाडने स्वतःच्या पाठीवर हात नेऊन थोपटून दाखवलं. मी जसं थोपटलं होतं अगदी तसं, सावकाश, गोलगोल.

मग डॉटबाईंनी पियानोवरच्या फुलांपाशी एक तसबीर आणून ठेवली. क्लिफर्ड आणि बेरिल, ब्लॅकपूलला, एकोणीसशे एकोणसत्तर. बघितल्याशिवाय मी निघून गेलो असतो तरी चाललं असतं, पण बघितली. टोप आहे, कानांत डूल आहेत. हनुवटीवरची खोक तुझीच आहे. गिरणीत मागाचा पट्टा लागून झाली होती, आणि मी रुमाल बांधला होता.

साउदॅम्प्टन नाही. जहाज कंपनी नाही. घरापासून बसने दीड तास. बहात्तर सालापासून शहात्तरपर्यंत ती बस माझ्या हद्दीत होती.

मला एकच कळव. हवालदार आला होता का?

नॉर्मन


स्कारबरो
२९ मे १९९४

प्रिय नॉर्मन,

चार कागद फाडले. हा पाचवा पाठवतोच.

नाही. हवालदार आला नव्हता.

मी चोवीस वर्षांचा होतो. ते फाटकं गाव, ती गिरणी, आणि तू. तू चांगला होतास, पण तू तिथून कधीच हलला नसतास. तुझी आई होती, वडील नुकतेच गेले होते. मी तुला 'चल' म्हटलं असतं तर तू 'पुढच्या वर्षी' म्हणाला असतास, आणि मी पुढच्या वर्षी वाट बघत बसलो असतो, आणि त्याच्या पुढच्या. क्लिफर्डसाठी वाट बघावी लागणार नव्हती. तुला तोंडावर सांगायची मला हिंमत झाली नाही. आणि तेव्हा खरंच माणसं पकडली जात होती, ते काही मी रचलं नव्हतं. मी फक्त आपल्या दाराशी आणून उभं केलं.

तो किस्सा मी आधी फक्त क्लिफर्डला सांगितला. मग एकदा जेवताना दोघातिघांना. ते हसले. तुला माहीत नाही नॉर्मन, त्या काळी आम्हाला हसायला काहीतरी लागायचं. बाहेर दगड पडायचे, आत आम्ही गाणी म्हणायचो. लोकांना सेसिल आवडायचा. सगळ्यांना वाटायचं, हा आपणच. तुझी टर उडवावी असं मनात कधी नव्हतं. तो माझा सगळ्यांत लाडका किस्सा होता, कारण त्यात तू होतास.

बसस्टँडवर मी हसत होतो हे खरं आहे. पण बस सुटल्यावरही खांदे थांबले नाहीत. ते हसणं होतं की काय होतं ते मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

क्लिफर्ड आजारी असताना म्हणाला, "त्या कांदेवाल्याला एकदा लिही." तो गेल्यावर वर्तमानपत्रात मेव्हिसची बातमी वाचली आणि लिहिलं. सगळं सांगायचं ठरवूनच लिहायला बसलो होतो. मग तुझं उत्तर आलं, 'तू तरी जन्मभर एकटा कसा राहिलास रे,' आणि मी तोच माणूस होऊन बसलो. तुला जसा हवा होतो तसा.

आता माझ्याजवळ लपवायला काही उरलं नाही, तर ये. जूनमध्ये ये. समुद्राकडची खोली तुझी. आपण दोघंही म्हातारे झालो, थोडे दिवस राहिलेत, ते रागात कशाला घालवायचे? आणि तिकडे तू कुणाला काही बोलला नसशील अशी आशा आहे. डॉटला मी कळवीन केव्हातरी.

तुझा,
लेन


नेल्सन
२६ जून १९९४

लेन,

तुझं पत्र महिनाभर घड्याळामागे ठेवलं होतं. आज उत्तर देतो.

मी 'शटल'ला जायचं सोडलं होतं. तीन रविवार गेलो नाही, तर चौथ्या आठवड्यात दारावर बर्नाड. गावातून पत्ता विचारत विचारत आला होता, साध्या कोटात, हातात डॉटबाईंनी दिलेला केक. शेजारीण पडदा सारून बघत होती. म्हणाला, "इन्स्पेक्टर, आम्हाला वाटलं तू मेलास. एक बया न सांगता गेली तेवढं पुरे झालं आम्हाला." त्याला चहा दिला आणि सांगितलं, सेसिल म्हणजे मी.

तो आधी हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीवर बसला. चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मी तो दोनशे वेळा तरी सांगितला असेल रे. तुझ्यासमोर सांगितला. तू पहिल्या रांगेत होतास." मी म्हटलं, "हो, आणि मी हसलो." त्याने विचारलं, "पुढे काय झालं? फौजदाराने काय केलं?"

त्याला पुढचं माहीत नव्हतं. तुझा किस्सा लोक हसतात तिथे संपतो. त्यानंतर मी घरी गेलो, लेन. फौजदाराने चहा पाजला, दोन चमचे साखर घातली, आणि म्हणाला, "जा, आईच्या जिवाला घोर लावू नकोस." मी त्याचा अर्थ असा घेतला की त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो एकदाच सोडतोय. त्याच आठवड्यात मेव्हिसला मागणी घातली. तिने हो म्हटलं तेव्हा ती किती आनंदली होती, आणि मी दरवाजाकडे बघत होतो.

घरात माझा फोटो नाही. पुरावा नको म्हणून मी कॅमेरा दिसला की बाजूला व्हायचो. जिलच्या लग्नात खांबाआड उभा होतो. मेव्हिस म्हणायची, लाजाळू आहे हो आमचा. एकदा तिची सायकल हरवली आणि ती पोलिसांत जाते म्हणाली, तर मी तिच्यावर ओरडलो. लग्नानंतर ओरडलो ते तेवढंच. तिने कारण विचारलं नाही. नवी सायकलही घेतली नाही, बाजारात पायी जायची.

जिलला परवा सगळं सांगितलं. तिने दोनच गोष्टी विचारल्या. "आईला माहीत होतं का?" आणि "बाबा, तुम्ही माझ्यावर खूश होतात का?" पहिलीचं उत्तर मला माहीत नाही. दुसरीचं दिलं, तर ती रडली. तिला ते विचारावं लागलं याची लाज वाटते. पण ती लाज सगळीच माझी आहे असं आता मी मानत नाही.

तू लिहितोस, मी आलोच नसतो. नसतो आलो कदाचित. कदाचित म्हणालोही असतो, पुढच्या वर्षी. पण मग मला जन्मभर माहीत असतं की नाही म्हणणारा मी होतो. ते 'नाही' माझं होतं, लेन. तेही तू माझ्याकडून घेतलंस, आणि त्या जागी मिशा लावलेला एक माणूस उभा केलास.

आणि त्यात मी होतो म्हणून तो तुझा लाडका किस्सा होता, हे पुन्हा कुणाला सांगू नकोस. त्या ठाण्यात मी तुझं नाव घेतलं नाही. मला वाटत होतं हाडं मोडतील, तरी घेतलं नाही. मी आयुष्यात एकदाच शूर झालो होतो. तेवढ्यावर लोक सगळ्यांत मोठ्याने हसतात.

बर्नाड म्हणाला तो किस्सा आता बंद. मी म्हटलं, तुझा तू ठरव. डॉटबाईंना एवढंच सांगितलंय की बेरिल जिवंत आहे. त्यांनी पत्ता मागितला. मी दिला नाही. तू कुठे आहेस ते तुझं तू सांग, मी कुणाचं नाव देत नाही. 'केव्हातरी' म्हणू नकोस. बाईंना पाय सुजण्याचं दुखणं लागलंय, आणि अजून दार उघडलं की त्या वर बघतात.

स्कारबरोला मी येणार नाही. तुझं पत्र आलं तर उघडणार नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो की आपण दोघांनी मिळून एक गोष्ट गमावली. तू तिकडे अर्धी सोसतोयस, मी इकडे अर्धी, असं धरून चाललो होतो, आणि त्याचा मोठा आधार होता. कामावर जाताना, मेव्हिस आजारी असताना, तोच आधार होता. ती मी एकट्यानेच गमावली होती.

बर्नाडची कंबर धरली आहे, त्याची झग्यांची पेटी स्टेशनवरून उचलायची आहे. बस गाठायला हवी.

नॉर्मन टॅटरसॉल